अण्णांचा कान आणि नवा कार्बोरेटर

ट्रायल्स म्हणजे काय, हे मला आयुष्यभर लोकांना समजावून सांगावं लागलं आहे. मी रविवारी मोटारसायकल चालवते असं ऑफिसात कुणाला कळलं की पहिला प्रश्न ठरलेला, "म्हणजे रेस का?" रेस नाही हो. रेसमध्ये जोरात जायचं असतं, ट्रायल्समध्ये हळू. दगडधोंड्यांतून, ओढ्यातून, उभ्या चढावरून, दोन्ही बाजूंना फिती लावून आखलेल्या वाटेनं गाडी न्यायची आणि पाय जमिनीला लावायचा नाही. लावला की एक गुण गेला. संपलं. शेहेचाळीस वर्षांची, विम्याच्या ऑफिसात टेबलामागं बसणारी, गुडघ्याला पट्टा बांधणारी बाई हे कशासाठी करते, असं कुणी पुढं विचारलं की मी "हौस" म्हणते आणि फाइल उघडते. लग्न का नाही केलं, या प्रश्नालाही माझं उत्तर साधारण असंच असतं.

खरं उत्तर एवढंच की मला अण्णांनी शिकवलं. अण्णा म्हणजे माझे वडील. ते खडकीला एका कारखान्यात फिटर होते आणि आम्ही तिथंच क्वार्टर्समध्ये राहायचो. ड्यूटीवरून आले, चहा घेतला, की दाराशी कुणाची ना कुणाची स्कूटर उभी असायचीच. ब्रेक, क्लच, चेन यातलं काही ते करायचे नाहीत. "त्याला गॅरेज आहे," म्हणायचे. ते फक्त कार्बोरेटर लावून, म्हणजे त्याचं माप जुळवून, द्यायचे. कार्बोरेटर म्हणजे इंजिनाचं स्वयंपाकघर. पेट्रोल किती आणि हवा किती, ते मिश्रण तिथं होतं. त्याला बाजूला एक छोटा पितळी स्क्रू असतो. तो पाव आटा इकडं, पाव आटा तिकडं झाला की गाडी एकतर गोड चालते, नाहीतर म्हाताऱ्यासारखी खोकत बसते.

हे माप अण्णांना कानानं कळायचं. लोकांच्या हाताला गुण असतो, अण्णांच्या कानाला आहे, असं आमच्या लाइनीत म्हणायचे. त्यांच्याकडं एक हातभर लांब स्क्रूड्रायव्हर होता, लाकडी मुठीचा. गाडी सुरू करून त्याचं टोक ते इंजिनाला टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटायचे. दुसरा हात स्क्रूवर. अण्णांनी डोळे मिटले की कुणी बोलायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा होता. आई आतला पंखा बंद करायची, रेडिओ बंद करायची. दारात आलेला माणूस दारातच उभा राहायचा. एकदा पलीकडच्या क्वार्टरमधल्या एका गृहस्थानं मध्येच विचारलं, "झालं का हो अण्णा?" अण्णांनी डोळे उघडले, इंजिन बंद केलं, फडक्याला हात पुसले आणि म्हणाले, "झालं. न्या." त्या बिचाऱ्यानं धाप टाकत स्कूटर ढकलत नेली, कारण ती पुढं आठ दिवस सुरूच होईना. आठ दिवसांनी तो पुन्हा आला आणि तोंडाला कुलूप लावून उभा राहिला, तेव्हा अण्णांनी ती लावून दिली.

माझी गाडीही अण्णांनीच बनवली. मी कॉलेजात होते. भंगारात निघालेली एक जुनी टू-स्ट्रोक त्यांनी आणली, सीट काढलं, दिवे काढले, पाय ठेवायच्या खुंट्या मागं आणि खाली घेतल्या, मागचं चेनचं चक्र मोठं केलं. आई म्हणाली, "पोरीला कशाला हे?" अण्णा म्हणाले, "पोराला कशाला, असं विचारलं असतंस का?" तेवढ्यावर विषय संपला. भावंड मला नाही, त्यामुळं हा प्रश्न तसा फुकटच होता, पण मला तो अजून आठवतो. त्याच गाडीवर मी सत्तावीस वर्षं दगडांवरून जाते आहे.

अण्णांना कमी ऐकू यायला लागलं ते नक्की कधी, हे मला सांगता येणार नाही. तोवर आम्ही बोपोडीला फ्लॅटमध्ये आलो होतो. घरातल्या घरात गोष्टी हळूहळू सरकत गेल्या. आईचा आवाज चढला. टीव्हीचा चढला. दाराची बेल बदलून आम्ही ती भसाड्या आवाजाची, आरती म्हणणारी बेल लावली. जेवताना मी त्यांच्या उजव्या बाजूला बसायला लागले, कारण त्या कानानं जरा बरं ऐकू यायचं. यातलं काहीही आम्ही दोघींनी एकमेकींशी बोलून ठरवलं नव्हतं. जाड आवाज त्यांना नीट यायचे, ट्रक, ढोल, रेल्वे. बारीक आवाज गेले होते. एकदा सकाळी पेपर वाचता वाचता अण्णा म्हणाले, "हल्ली चिमण्याच राहिल्या नाहीत पुण्यात." त्यांच्या पाठीमागं खिडकीच्या जाळीवर दोन चिमण्या चिवचिवाट करून जीव काढत होत्या. आईनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "हो ना अण्णा, सगळीकडं सिमेंट." आई पोहे ढवळायला आत गेली.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आम्ही ती झाकली. माणूस स्वतःच्या बहिरेपणाबद्दल बोलत नसेल तर आपण कशाला बोला, असं आम्हाला वाटायचं. कानाचं मशीन आणू या, हे शब्द दोन वर्षांत एकदाही आमच्या घरात उच्चारले गेले नाहीत. याला आम्ही माया म्हणत होतो.

गेल्या वर्षी थंडीत माझ्या गाडीचा कार्बोरेटर गेला. गेला म्हणजे माझ्या हातून तुटला. साफ करायला उघडला होता, आणि आतला, पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट ज्या दोन बारीक खुंट्यांवर डोलतो त्यातली एक खुंटी पिन काढताना मोडली. सत्तावीस वर्षांहून जुना धातू, दोष तरी कुणाला देणार. तसा कार्बोरेटर आता मिळत नाही. मी दोन दिवस फोनवर शोधून त्याच मापाचा दुसऱ्या कुठल्या तरी बनावटीचा मागवला. तो आला, अण्णांनी चष्मा चढवून त्याला उलटापालटा करून बघितलं आणि म्हणाले, "दिसायला बरा आहे. स्थळं असतात तसा."

बसवताना पहिला गुण कळला. इंजिन आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये रबराचा एक जोड असतो. जुन्या कार्बोरेटरचं तोंड त्यात घट्ट बसायचं. याचं तोंड जरा बारीक, बोटानं हलवलं तरी हलायचं. मी म्हटलं, "नवं रबर मागवते." ते यायला आठ दिवस लागणार होते आणि रविवारी, चौथ्या दिवशी, ट्रायल होती. अण्णा म्हणाले, "आठ दिवस कशाला? थांब." त्यांनी जुन्या ट्यूबची एक पट्टी कापली, कार्बोरेटरच्या तोंडाला गुंडाळली, वर रबर चढवलं आणि क्लिप आवळली. असं त्यांनी शंभर वेळा केलं असेल आणि शंभर वेळा ते टिकलं होतं. ॲक्सिलरेटरची केबल जोडली, स्लाइड बरोबर तोंड करून आत सोडली, पेट्रोलचा पाइप लावला. हात अजिबात थरथरत नव्हते. शहात्तरीच्या माणसाचे हात बघताना आपण उगाच आधीच घाबरलेलो असतो.

शनिवारी सकाळी कार्बोरेटरचं माप लावायचं ठरलं. आमच्या पार्किंगमध्ये सोसायटीनं पाटी लावलेली आहे, 'येथे वाहने दुरुस्त करू नयेत. केल्यास शांतपणे करावीत.' अण्णांनी पाटीखालीच स्टूल मांडलं. मी किक मारली. दोनतीन किकांत गाडी सुरू झाली, धूर निघाला, पार्किंगभर तो जुना गोडसर वास पसरला. गाडी तापू दिली. मग अण्णांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानामागं धरली आणि डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी दोन वर्षांत बघितलं नव्हतं. फार बरं वाटलं मला.

आणि तेवढ्यात मला शीळ ऐकू आली. फार बारीक, ओठ नीट न जमलेल्या माणसानं घातल्यासारखी. मी वाकून बघितल्यासारखं केलं. रबराच्या जोडापासून येत होती. पट्टी आणि रबर यांच्यामधून हवा आत खेचली जात होती. याचा अर्थ मला चांगला ठाऊक होता, अण्णांनीच शिकवलेला. हवा जास्त झाली की पेट्रोल कमी पडतं, इंजिन वाजवीपेक्षा तापतं, आणि जोर लावला तर पिस्टन आतल्या आत धरतो, म्हणजे अडकूनच बसतो. असली शीळ अण्णांना पूर्वी रस्त्यापलीकडून जाणाऱ्या स्कूटरचीही ऐकू यायची.

त्यांनी स्क्रू आत घेतला, बाहेर काढला, पुन्हा आत घेतला. "दीड आट्यावर यायला पाहिजे," ते स्वतःशीच पुटपुटले, "हा अर्ध्यावरच बसतोय." मग म्हणाले, "जेट बारीक दिलाय लेकाच्यांनी." जेट म्हणजे ज्यातून पेट्रोल येतं ते आतलं भोक. मी गप्प. डोळे मिटलेले असताना बोलायचं नाही, हे अंगवळणी पडलेलं होतं, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण ते खरं नाही. कारण अण्णांनी डोळे उघडले, स्क्रूड्रायव्हर खाली घेतला आणि माझ्याकडं बघून विचारलं, "तुला कसं वाटतंय?"

त्यांनी असं कधी कुणाला विचारलं नव्हतं. काय बिशाद होती कुणाची, मत द्यायची. आणि आता स्टुलावर बसून, मान वर करून, ते मला विचारत होते. त्या वेळी मी फार खोल विचार केला असं काही नाही. वरच्या गॅलरीत दोन शेजारी कठड्याला टेकून बघत होते, आणि अण्णांचा चेहरा पडता कामा नये, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

"एकदम मस्त, अण्णा," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की. तुम्ही लावल्यावर काय प्रश्न आहे?"

ते हसले. गाडी बंद केली. वर जाताना त्यांनी जिन्यात कुणाला तरी ऐकवलंही, "नवा बसवला, दहा मिनिटांत लावला."

मी काही अगदीच मूर्ख नाही. संध्याकाळी एक जादा क्लिप घेऊन ठेवली. उद्या मैदानावर गेल्यावर कुणाला न सांगता ती आवळायची, शीळ बंद करायची, स्क्रू आपणच थोडा सरकवायचा, अण्णांना पत्ता लागणार नाही, असा माझा बेत होता. पण रविवारी सकाळी सहाला मी दार उघडते तर अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून तयार. "मीही येतो," म्हणाले, "बघू तरी कशी चढते." तीन वर्षांत ते ट्रायलला आले नव्हते. आईनं डबा दोघांचा भरला.

माझ्या गाडीला दिवे नाहीत, नंबर नाही, त्यामुळं ती टेम्पोतून न्यावी लागते. मार्केट यार्डात कोथिंबीर उतरवून रिकामा होणारा एक टेम्पोवाला ओळखीचा आहे, त्यानं पोचवलं. आमची जागा खडकवासल्याच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला, बंद पडलेली दगडाची खाण आहे. जमीन ज्यांची आहे ते शेतकरी दरवेळी बांधावर येऊन बसतात. अण्णांना बघून म्हणाले, "लई दिसांनी आलायसा. तब्येत बरी हाय का?" अण्णांनी मान हलवली आणि म्हणाले, "पंचवीसेक असतील." अण्णांना वाटलं, ते किती गाड्या आल्यात असं विचारताहेत. शेतकऱ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं.

अण्णांनी घडीची खुर्ची माझ्या गाडीशेजारीच मांडली आणि तिथून हलले नाहीत; सगळे टप्पेही तिथून त्यांच्या नजरेत होते. चहा आणा म्हटलं, तर म्हणाले, "तूच आण." क्लिप माझ्या खिशातच राहिली. जुनी मंडळी येऊन त्यांना भेटून जात होती. कुणीतरी विचारलं, "नवा कार्बोरेटर का?" अण्णा म्हणाले, "कालच लावला," आणि खुर्चीत जरा ताठ बसले.

सकाळचे तीन टप्पे सोपे होते, सगळे हळू चालीचे, गाडीनं कुठं दगा दिला नाही. मला वाटलं, निभतंय. चौथा टप्पा म्हणजे खाणीची उभी भिंत, तिथं खालूनच पूर्ण रेस देऊन वर जावं लागतं. त्याच्या आधी अण्णा म्हणाले, "प्लग काढ, बघू या." प्लगच्या रंगावरून आत काय चाललंय ते लगेच कळतं. हवा जास्त असेल तर प्लग पांढरा पडतो. तो पांढरा असणार हे मला माहीत होतं. अण्णा तो सगळ्यांच्या देखत हातात धरतील, हेही दिसत होतं.

"नंबर लागलाय अण्णा," मी म्हटलं, "नंतर बघू."

नंबर लागायला अजून दोघं बाकी होते.

चढाच्या अर्ध्यावर इंजिनाचा आवाज एकदम पातळ झाला आणि मागचं चाक जागच्या जागी धरलं. क्लच दाबायला जेवढा वेळ लागतो तेवढाही मिळाला नाही. गाडी मागं सरकली, मी तिच्यासकट कलंडले, आणि डावा हात खाली आला. मोडल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. लोक धावले. मला बाजूला बसवलं, हाताखाली पुठ्ठा घालून ओढणीनं बांधलं. अण्णा सगळ्यात शेवटी पोचले, दगडांवर हात टेकत टेकत. आधी त्यांनी माझा हात बघितला. मग गाडीपाशी जाऊन हातानं किक दाबली. ती दगडासारखी होती.

आमच्यातला एक जुना गडी म्हणाला, "जुनं इंजिन आहे अण्णा, कधी ना कधी धरायचंच."

अण्णा म्हणाले, "इंजिनाला काय झालंय. माझ्या हातून झालंय हे." सगळ्यांसमोर म्हणाले, चांगलं मोठ्यानं. त्यांना आपला आवाज किती मोठा होतो हेही कळत नसे.

सहा आठवड्यांचं प्लास्टर बसलं. अण्णांनी काय केलं असेल, तर माझी भाकरी मोडून द्यायला लागले. मी उजव्या हातानं मोडू शकत होते, पण ते ताट ओढून घ्यायचे, भाकरीचे बारीक तुकडे करायचे, आमटीत भिजवायचे आणि ताट परत सरकवायचे. स्वतः मात्र अर्ध्यावर उठायचे. आई म्हणाली, "अहो, जेवा की." "जेवलो," म्हणायचे. दुपारी डोळ्यांवर हात घेऊन पडून राहायचे. झोपलेले नसत. एकदा मी पाणी द्यायला गेले तर म्हणाले, "मणका गेला असता तर?" मी म्हटलं, "काहीतरीच काय अण्णा." ते म्हणाले, "जेट एक नंबर मोठा घालायला पाहिजे होता. अर्ध्या आट्यावर बसतोय म्हटल्यावरच मला कळायला पाहिजे होतं. शेहेचाळीस वर्षांची केली आणि आता माझ्या हातानं पाडली."

हे मला ऐकवेना. दहाव्या दिवशी मी त्यांच्या उजव्या बाजूला बसले आणि सगळं सांगितलं. मोठ्यानं सांगावं लागलं, त्यामुळं आईलाही आतून ऐकू गेलं असणार. त्यांच्या मनावरचं ओझं काढावं, एवढाच माझा हेतू होता.

"जेटचं काही नव्हतं अण्णा. रबरातून हवा खेचत होती. शीळ वाजत होती."

"कधी?"

"शनिवारीच. तुम्ही लावत होतात तेव्हा."

"तुला ऐकू आली?"

"हो."

त्यांनी माझ्या प्लास्टरकडं बघितलं. मग म्हणाले, "मी विचारलं होतं तुला."

"हो."

"मला बारीक ऐकू येत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून तर विचारलं. चार दिवस विचार करत होतो विचारू की नको. म्हटलं, पोरीचे कान चांगले आहेत, आता तिला विचारून करू."

मी म्हटलं, "मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटलं असतं," अण्णा म्हणाले. "वाटू द्यायचं होतंस. वाईट वाटलं असतं, मग मी रबर बदललं असतं." मग त्यांनी विचारलं, "किती दिवस चाललंय हे सांभाळून घेणं?"

मी खोटं बोलू शकले नाही. "दोनेक वर्षं."

"तुझ्या आईलाही माहीत आहे?"

आतून भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला. अण्णांना तो येत होता की नव्हता, कोण जाणे. त्यांनी मान हलवली, उठले, चष्मा पुसला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी तोंड भरून शिव्या खायला तयार होते. मला रडू आलं, आणि एका हातानं नाक पुसायची पंचाईत होती म्हणून आणखी रडू आलं.

दुसऱ्या दिवशी ते कुणाला न सांगता बसनं गेले, कान तपासून आले आणि आठवड्याभरात मशीन घेऊन आले. इतकं सोपं होतं ते. मशीन लावून पहिल्या सकाळी चहा पिताना ते खिडकीकडं वळले आणि जाळीवरच्या चिमण्यांकडं बघत राहिले.

प्लास्टर निघाल्यावर मी इंजिनाचं काम गॅरेजमधून करून घेतलं. नवं रबर मागवलं, कार्बोरेटर पुन्हा बसवला. मशीनमध्ये इंजिनाचा आवाज फाटतो, त्यातून काही कळत नाही, असं अण्णा म्हणाले आणि खाली यायला नको म्हणाले. मी म्हटलं, "तुम्ही स्क्रू फिरवा, मी ऐकून सांगते." ते म्हणाले, "तुला येतं सगळं." त्यात राग नव्हता. तो स्क्रूड्रायव्हर घेऊन मी एकटीच पाटीखाली बसले, कानामागं मूठ लावली. स्क्रू दीड आट्यावर बसला. गाडी फार छान चालते. ते एकदाही बघायला आले नाहीत.

बाकी आमचं घर होतं तसंच आहे. अण्णा बोलतात, पेपर वाचतात, दुपारचा चहा अलीकडं तेच करतात. परवा रविवारी त्यांनी तिघांचा केला, माझा कप माझ्या हातात दिला आणि समोर उभे राहिले.

"साखर बरोबर आहे का?"

मी घोट घेतला. खरंच बरोबर होती. "एकदम बरोबर आहे, अण्णा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडं नीट बघितलं. मग हात पुढं करून माझ्या हातातला कप घेतला, आणि स्वतः एक घोट पिऊन बघितला.